कुठला फोन कुठल्या गावात

रुक्मांगद अण्णा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते माझ्या कुर्त्याबद्दल. गोकुलममधल्या आमच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस होता. साताऱ्याहून नव्या नोकरीसाठी मी म्हैसूरला आले होते, अंगावर नवाकोरा कुर्ता होता, आणि शेजारच्या टेबलावर पन्नाशी उलटलेला एक किडकिडीत माणूस बसला होता. कपाळाला बुक्का, शर्टाच्या खिशात मापाची टेप. त्यांनी माझ्या कुर्त्याच्या दुमडीकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "तीन धुण्यात उसवणार." ना नाव विचारलं ना गाव. मी मनात म्हटलं, काय आगाऊ माणूस आहे. कुर्ता दुसऱ्याच धुण्यात उसवला, ती गोष्ट वेगळी.

अण्णा शिंप्याच्या घरातले. घराणं म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही, पण घरात मराठी आणि देवघरात विठोबा टिकून होता. थोरले भाऊ अजून शिवणाचं दुकान चालवतात. अण्णांनीही तिशीपर्यंत मशीनच चालवलं, मग संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकले आणि पुढं मोबाइल ॲपचे स्क्रीन तयार करायला लागले. "तेही कापून जोडायचंच काम," म्हणायचे. "गिऱ्हाईक बदललं, अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. त्यांच्या मराठीत दर तीन शब्दांमागं एक कन्नड शब्द असायचा, आणि समोरची बाई विशीतली असो की साठीतली, तिला ते अम्माच म्हणायचे. पहिला महिनाभर मी त्यांची मराठी सुधारायला जायची. एकदा शांतपणे म्हणाले, "तुमची मराठी इस्त्रीची, अम्मा. आमची रोज घालायची. चालूंदे." मग मी तो नाद सोडला.

कॉफी त्यांनी कधी एकट्यानं घेतली नाही. खालच्या हॉटेलात 'बाय टू' सांगायचे, म्हणजे एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले. दुसरा अर्धा ज्याच्याशी सकाळी वाजलं असेल त्याला. त्यामुळं सगळ्यात जास्त अर्धे पेले माझ्या वाट्याला आले. योगा शिकायला आलेले परदेशी लोक गुंडाळलेल्या चटया काखेत मारून समोरून जात असायचे, आणि आम्ही दोघं बटण डावीकडं हवं की उजवीकडं यावर हुज्जत घालत उभे असायचो.

त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी असायची. तिच्यात सात जुने फोन, प्रत्येकाला उरलेल्या कापडाचा अंगरखा शिवलेला. नवा स्क्रीन या सातांवर चालल्याशिवाय ते पुढं जाऊ द्यायचे नाहीत. चष्मा काढायचे, फोन डाव्या हातात धरायचे आणि फक्त अंगठ्यानं चालवून बघायचे. मी विचारलं हे काय सोंग. तर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला असंच दिसतं. तुमी तरुण डोळ्यानं बघून पास करता, मग ती बिचारी माणसं सुम्ने, उगाच, शिव्या खातात पोरांच्या." आणखी एक सवय होती, जी आमच्यापैकी कुणालाच नव्हती. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे हेल्पलाइनला आदल्या दिवशी आलेल्या सगळ्या तक्रारी वाचायच्या. निकाली काढलेल्यासुद्धा. हे आमचं काम नाही असं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. नशीब माझं त्यांनी ऐकलं नाही.

आमचं ॲप एका दवाखान्यांच्या साखळीसाठी होतं. डॉक्टरची वेळ घ्यायची, तपासण्यांचे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या बघायच्या. सगळं ठीक चालायचं, फक्त 'माझं अकाउंट' हे बटण दाबलं की ॲपच्या पोटात एक वेबसाइट उघडायची. तिथं पुन्हा पासवर्ड, मुंगीएवढी अक्षरं, आणि मागं यायला रस्ता नाही. अण्णांच्या बहिणीनं, मथुराक्कांनी, एकदा माझ्यासमोर नंबर बदलायचा प्रयत्न केला. ते पान उघडल्याबरोबर त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे आपलं नव्हे, कुणाचं तरी दुसऱ्याचं उघडलं." भावाची आणि माझी मान एकदमच खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून अण्णा दवाखानेवाल्यांच्या मागं लागले की अकाउंटचा स्क्रीन ॲपमध्येच बांधून द्यायचा. सहा महिने मागं लागले. शेवटी ते लोक कंटाळून हो म्हणाले.

तो स्क्रीन अण्णांनी जीव ओतून केला. एका बोटात सगळं: नाव, नंबर, पासवर्ड, घरातली माणसं, त्यांच्या चिठ्ठ्या. आणि खाली एक यादी, या अकाउंटवर सध्या कोणकोणते फोन चालू आहेत त्यांची. अनोळखी फोन दिसला तर लगेच काढून टाकता यावा म्हणून. यादीत फोनचं मॉडेल दिसायचं, अक्षरं आणि आकडे. अण्णा म्हणाले, "यातनं मथुराक्काला काय कळणार? गाव लिहू या. म्हैसूर, मंड्या, पिरियापट्टण. माणूस बघेल आणि म्हणेल, हा थोरल्याचा, हा जावयाचा." जवळचा दवाखाना दाखवायला ॲप फोनची जागा विचारायचंच. तीच इथं वापरायची होती.

त्या मीटिंगला हेल्पलाइनवरची चैत्रा आली होती, तेवीस-चोवीस वर्षांची, फारशी न बोलणारी. तिनं हळूच विचारलं, "सर, ज्याला कळायला नको त्याला कळलं तर?"

अण्णा हसले. वाईट नाही, मायेनंच हसले. "अम्मा, आमच्या घरात चौदा माणसं आणि नंबर एक, थोरल्या भावाचा. गॅस त्याच्यावर, शाळा त्याच्यावर, दवाखाना त्याच्यावर. घरातल्याला घरातल्याचं गाव कळलं तर काय बिघडलं?"

मीही मान डोलावली. मला ती कल्पना आवडलीच होती. चैत्रानं वही मिटली आणि विषय संपला.

नवं काही चालू केलं की अण्णा सर्व्हरवर ते बंद करायचा एक स्विच ठेवायचे. त्याला ते 'कच्चा टाका' म्हणायचे. पक्की शिवण घालायच्या आधी शिंपी जो सैल टाका घालतो, लागलाच तर ओढून काढता येतो, तो. गावाच्या नावालाही त्यांनी कच्चा टाका ठेवला. मात्र चालू ॲपमध्ये काही बदलायचं तर दवाखानेवाल्यांची लेखी परवानगी आणि आमच्यातल्या दोघांची संमती लागायची. अण्णांच्या कामावर दुसरी संमती माझी असायची.

स्क्रीन चालू झाला. लोकांना आवडला. मथुराक्कांनी चष्म्याशिवाय नंबर बदलून दाखवला, त्या दिवशी अण्णांनी सगळ्या ऑफिसला पूर्ण पेला कॉफी पाजली.

दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, तक्रारी वाचता वाचता अण्णा थांबले. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसता स्क्रीन माझ्याकडं वळवला. दोन ओळी होत्या. 'यादीतून गावाचं नाव काढा, अशी एका बाईंची मागणी. अकाउंट त्यांच्या नावावर नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे नकार. तक्रार निकाली.' नोंद चैत्राची होती. तिनं नियम पाळला होता. नियम आम्हीच लिहिला होता.

तक्रार ज्या नंबरवरून आली होती त्यावर अण्णांनी फोन लावला. तो बैलकुप्प्यातल्या एका तिबेटी हॉटेलच्या मालकीणबाईंचा निघाला, त्यांनी त्या बाईला बोलावलं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. गावांची लिहिते, कारण त्यातल्या कुठल्याच गावी ती आता नाही. नवऱ्याच्या मारामुळं सहा वर्षांची मुलगी घेऊन ती म्हैसूरहून निघाली होती आणि पिरियापट्टणला ओळखीच्या एका बाईंकडं लपून राहिली होती. मुलीला दमा. पंपाची चिठ्ठी आमच्या ॲपमध्ये, अकाउंट नवऱ्याच्या नंबरवर, पण पासवर्ड तिला पाठ. औषधाच्या दुकानात दाखवायला तिनं ॲप उघडलं. आठवड्याभरात नवरा पिरियापट्टणला हजर, आणि औषधाच्या दुकानादुकानात फोटो दाखवत फिरतो आहे. तिला तो रस्त्यापलीकडून दिसला. ती तशीच मुलीला घेऊन बैलकुप्प्याला पळाली आणि त्या हॉटेलात भांडी-स्वयंपाकाला राहिली. आदल्या दिवशी पोरीला पुन्हा धाप लागली, तिनं पुन्हा ॲप उघडलं, आणि या वेळी तिचा हात चुकून खालच्या यादीवर गेला. तिथं लिहिलं होतं: बैलकुप्पे, आज. तेव्हा तिला कळलं की तो पिरियापट्टणला कसा पोचला होता.

म्हणजे त्या क्षणी, शुक्रवारी सकाळी साडेनऊला, त्या माणसानं आपल्या फोनवर एक बोट लावायची खोटी होती.

अण्णांनी फोन ठेवला. बराच वेळ त्यांनी टेप खिशातून काढली, गुंडाळली, परत ठेवली. मग म्हणाले, "माप घेताना मी माझ्याच घराचं घेतलं, अम्मा. चैत्रानं विचारलं होतं."

त्यांनी दवाखानेवाल्यांना पत्र पाठवलं. जबाबदार साहेब सोमवारपर्यंत रजेवर. फोन केला, लागला नाही. आमचे मॅनेजर म्हणाले, घरगुती भांडणात आपण पडायचं नाही, लेखी परवानगीशिवाय काही हलवायचं नाही, हवं तर पुढच्या महिन्याच्या बदलांत घेऊ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय. आणि ते मीटिंगला निघून गेले.

साडेअकराला अण्णा माझ्या टेबलाशी आले. "कच्चा टाका ओढतो आहे. दुसरी संमती द्या."

आता इथं मला माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, आणि सांगायला जीभ रेटत नाही. मी म्हटलं, "अण्णा, थोडं थांबू या. ते मीटिंगमधून बाहेर येतील, मी बोलते त्यांच्याशी." नोकरी जायची भीती होती, घराचा करार नुकताच केला होता, आणि मला वाटलं, तासाभरानं असं काय होणार आहे. ते माझ्याशी हुज्जत घालायला नेहमी तयार असायचे. त्या दिवशी घातली नाही. "बेडा म्हणू नका, अम्मा," एवढंच म्हणाले, बेडा म्हणजे नको, आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. तासभर एक माणूस तुमच्या शेजारी नुसता उभा राहिला की काय होतं ते मला विचारा. मॅनेजर काही बाहेर आले नाहीत. साडेबाराला मी संमती दिली आणि यादीतली गावं सगळ्यांच्याच फोनवरून गेली.

मग अण्णांनी नोंदी उघडल्या. त्या अकाउंटचा स्क्रीन नवऱ्यानं शेवटचा कधी बघितला ते त्यात दिसतं. बारा वाजून पाच मिनिटं.

मी थांबवून ठेवलेल्या तासातली वेळ. अण्णांनी हॉटेलच्या मालकीणबाईंना फोन लावला, आणि त्या मुलीच्या आईला बोलावून कन्नडमध्ये सांगितलं की त्याला कळलं आहे, सामान राहू दे, पोरीला घेऊन वरच्या खोलीत बसा, दार कुणालाच उघडू नका, मी येतो आहे. म्हैसूरहून दोन तासांचा रस्ता, आणि नवरा अर्धा तास पुढं. मी म्हटलं मी येते. तर म्हणाले, "तुमी इथं बसा. कुणी परत चालू केलं तर बंद करा." पुतण्याची गाडी मागवली आणि गेले. ती फोनची पिशवी तशीच खुर्चीवर राहिली.

मी संध्याकाळपर्यंत त्या स्विचसमोर बसून होते. सहाला त्यांचा फोन आला. "घेऊन निघालो. दोघी आहेत. अष्टे." कुठं नेताय असं मी विचारलं, तर लाइन कट झाली.

ती वाचली हे मला नक्की कळलं ते शनिवारी, आणि कळलं तेही कसल्या तोंडून. हेल्पलाइनला नवऱ्याचाच फोन आला. चैत्रानं घेतला. तो ओरडत होता की आधी यादीत गाव दिसायचं, आता का दिसत नाही, मी अकाउंटचा मालक आहे, माझा हक्क आहे. चैत्रा फोन ठेवून माझ्याकडं आली आणि तिनं मला ते सगळं शब्दशः सांगितलं. तिला तक्रार नोंदवणं भाग होतं. तिनं नोंदवली.

आणि सोमवारी चौकशीत अण्णांच्या विरुद्ध पहिला कागद ठेवला गेला तो तोच. 'परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे ग्राहकाची गैरसोय. ग्राहकाची तक्रार सोबत.' मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मॅनेजरांनी विचारलं, दुसरी संमती यांची दिसते. अण्णा म्हणाले, "त्यांना मी दुसरंच काम सांगितलं होतं. वाचू न देता दाबून घेतलं. त्यांचा काही संबंध नाही." ज्या माणसानं आयुष्यात एक टाका खोटा घातला नाही, तो चार लोकांसमोर सरळ खोटं बोलला, माझ्यासाठी. आणि मी बसून राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला त्याची लाज वाटली, आजही वाटते.

त्यांना त्याच आठवड्यात काढलं. जाताना त्यांनी सात फोन चैत्राच्या टेबलावर ठेवले आणि तिला म्हणाले, "तुमी प्रश्न विचारला की कुणी हसलं, तर परत विचारायचा." माझ्याकडं आले, कॉफीला चला म्हणाले. खाली जाऊन बाय टू सांगितली. मी रडायला लागले तर म्हणाले, "प्या, गार होते." चौकशीचा विषय त्यांनी काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही.

पुढं दवाखानेवाल्यांच्या वकिलानं सगळं वाचलं आणि तो चांगलाच घाबरला. गावाचं नाव कायमचं गेलं. अकाउंट दुसऱ्याच्या नावावर असलं तरी आता कुणालाही आपल्या आणि मुलांच्या चिठ्ठ्या घेऊन वेगळं होता येतं, आणि त्याची खबर पहिल्या अकाउंटला जात नाही. तो स्क्रीन मी आणि चैत्रानं केला. सातही फोनांवर, डाव्या हातानं. त्याबद्दल ऑफिसात माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मी कशा ऐकल्या ते माझं मला ठाऊक.

अण्णांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर चारेक महिन्यांनी, भावाच्या दुकानात. ब्लाउज शिवायचं निमित्त काढून गेले होते. जूनच्या शाळा तोंडावर आलेल्या, त्यामुळं दुकानभर गणवेशांचे ढीग. अण्णा मशीनवर होते, चष्मा नाकाच्या टोकाला. मला बघून त्यांना बरं वाटलं, खरंच वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. माझं माप मथुराक्कांनी घेतलं. चैत्राची चौकशी झाली, ॲपची झाली. मग मी आवाज खाली आणून विचारलं, "अण्णा, त्या दोघी बऱ्या आहेत ना? कुठं असतात आता?"

मशीन थांबलं. समोर एक छोटासा निळा पिनाफोर होता, सहा-सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा. बाकीच्या ढिगातला नव्हता, ते सगळे खाकी आणि पांढरे होते. त्याच्या खिशावर शाळेचा बिल्ला शिवला होता, शाळेचं नाव आणि खाली गावाचं. अण्णांनी घाई न करता त्यावर आपला तळहात ठेवला.

"कोण दोघी, अम्मा?" ते म्हणाले.

मला ते लागलं, आणि तरीही वाटलं, बरोबर आहे, मलासुद्धा सांगू नका. मी पर्स उचलली, ब्लाउजसाठी कधी येऊ ते विचारलं. बुधवारी या म्हणाले. दारातून वळून बघितलं तेव्हा हात अजून खिशावरच होता, आणि मी रस्त्याला लागेपर्यंत मशीनचा आवाज काही सुरू झाला नाही.